मुलगा निरीक्षणगृहात, मुलगी बालगृहात: एकाच घटनेत दोघांच्या वाटा वेगळ्या का होतात?

उदाहरणादाखल एक घटना घेऊ. राधानगरी तालुक्यातल्या एका गावातला साडेसोळा वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी घरी न सांगता निघून जातात. सकाळची एसटी पकडून कोल्हापूर, तिथून पुढे एका दोस्ताच्या खोलीवर. मुलीचे अब्बा पोलीस ठाण्यात तक्रार देतात. पाचव्या दिवशी दोघं सापडतात.

इथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. मुलगा जातो बाल न्याय मंडळासमोर आणि तिथून निरीक्षणगृहात. मुलगी जाते बाल कल्याण समितीसमोर आणि तिथून बालगृहात. मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी वकील गाठतात, कागद जमवतात, जामीन मागतात. मुलीच्या घरी मात्र दारं लावून बैठक बसते. कुणीतरी म्हणतं, "आता तिला लगेच घरी आणू नका, लोक काय म्हणतील?" अम्मी आत रडत असते. तीन महिन्यांनी मुलगा गॅरेजमध्ये कामाला लागलेला असतो. मुलगी मात्र अजून बालगृहातच असते आणि तिची बारावीची परीक्षा बुडालेली असते.

गुन्ह्याचा आरोप मुलावर होता. मुलीवर कसलाच आरोप नव्हता. तरी चार भिंतींत जास्त दिवस कोण राहिलं?

हा प्रश्न आपल्या घरांसाठी महत्त्वाचा आहे, कारण अशी वेळ आली की बहुतेक आई-वडिलांना कायद्याची पहिली पायरीही माहीत नसते. शरमेपोटी कुणाला विचारवत नाही. म्हणून हा लेख.

कायद्यात दोन वेगळे गट

आज आपल्याकडे लागू असलेला कायदा म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५. तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१८ चे आहेत. या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण 'बालक' आहे, मुलगा असो वा मुलगी.

कायदा मुलांचे दोन गट करतो. पहिला गट 'विधिसंघर्षग्रस्त बालक', म्हणजे ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे असं मूल. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळ बघतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला असावी लागते. दुसरा गट 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक', म्हणजे हरवलेलं, टाकलेलं, छळ झालेलं, ज्याला घरी धोका आहे किंवा ज्याचं लहानपणीच लग्न लावलं जाण्याची भीती आहे असं मूल. त्याचं प्रकरण बाल कल्याण समिती बघते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांतही किमान एक महिला हवी.

पहिल्या गटातल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात ते निरीक्षणगृह. आपल्याकडे जुनी माणसं त्याला अजून 'रिमांड होम'च म्हणतात. दुसऱ्या गटातल्या मुलांसाठी असतं ते बालगृह. कोल्हापुरातलं बालकल्याण संकुल बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं, पण आत वेगवेगळ्या मुलांसाठी वेगवेगळी व्यवस्था असते आणि तिथलं प्रत्येक मूल 'गुन्हेगार' नसतं, हे कमी लोकांना माहीत असतं.

कागदावर या दोन गटांचा मुलगा-मुलगीशी काही संबंध नाही. व्यवहारात मात्र पहिल्या गटात जवळजवळ सगळे मुलगे दिसतात आणि पळून जाण्याच्या, प्रेमप्रकरणाच्या, घरातल्या भांडणाच्या केसमध्ये मुलगी बहुतेक वेळा दुसऱ्या गटात जाते.

हे फक्त भारतात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या जागतिक अभ्यासानुसार गुन्ह्याच्या आरोपावरून डांबलेल्या मुलांमध्ये सुमारे ९४ टक्के मुलगे होते. अमेरिकेत 'घरातून पळणं', 'शाळा बुडवणं', 'आई-वडिलांचं न ऐकणं' यांवरूनही मुलांना डांबलं जायचं. मोठ्या माणसासाठी या गोष्टी गुन्हाच नाहीत. अशा प्रकरणांत मुलींचं प्रमाण इतर गुन्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त असायचं. मुलगा रात्री बाहेर राहिला तर 'उनाड', मुलगी राहिली तर 'हाताबाहेर गेली', ही नजर तिथेही होती. असल्या कारणांसाठी मुलांना कोंडू नये, हे तिथल्या कायद्याने १९७४ मध्ये सांगितलं.

ही विभागणी आली कुठून?

याची मुळं जुनी आहेत. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या मदतीने सुधारगृह सुरू झालं, ते मुलग्यांसाठी. इंग्रजांनी १८९७ मध्ये सुधारशाळांचा कायदा केला. त्यात 'बाल गुन्हेगार' याची व्याख्याच '१५ वर्षांखालचा मुलगा' अशी होती. सुधारशाळा मुलग्यांसाठी, मुलीला समज देऊन आई-वडिलांच्या हवाली करायची, असा तो विचार.

स्वतंत्र भारतात १९८६ चा बाल न्याय कायदा आला. त्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत 'बाल' आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत. सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या कोर्टात उभं करता येत होतं, मुलीला नाही. २००० च्या कायद्याने दोघांचंही वय १८ केलं. पळवून नेण्याच्या गुन्ह्यातही असंच होतं. जुन्या भारतीय दंड संहितेत पालकांच्या ताब्यातून नेलेला मुलगा १६ खालचा आणि मुलगी १८ खालची असेल तर तो गुन्हा व्हायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आता दोघांसाठी एकच शब्द आहे, १८ वर्षांखालचं 'बालक'.

म्हणजे कायद्याची भाषा सरळ झाली. पण मुलगा म्हणजे धोका आणि मुलगी म्हणजे जपून ठेवायची वस्तू, ही जुनी समजूत ठाण्यात, कार्यालयात आणि आपल्या घरातही राहिली.

'संरक्षणा'च्या नावाखाली कोंडणं ही गोष्टही जुनी आहे. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारच्या तुरुंगांचं प्रकरण आलं, ते हुसैनारा खातून यांच्या नावाने ओळखलं जातं. खटला न चालता वर्षानुवर्षं आत सडणाऱ्या कैद्यांचं ते प्रकरण. त्यात कोर्टाला अशाही स्त्रिया आढळल्या ज्यांच्यावर कसलाच आरोप नव्हता. त्या पीडित होत्या किंवा साक्षीदार होत्या, आणि 'संरक्षक ताबा' म्हणून तुरुंगात ठेवल्या होत्या. कोर्टाने हे चुकीचं ठरवून त्यांना तुरुंगातून बाहेर काढायला सांगितलं. पुढे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जांवरून १९८३ मध्ये पोलीस कोठडीतल्या स्त्रियांबद्दल आणि १९८६ मध्ये तुरुंगात ठेवलेल्या मुलांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले.

मुलाचं काय होतं?

आता मुलाच्या बाजूने बघू. अल्पवयीन मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं तर कायदा काही गोष्टी स्पष्ट सांगतो:

- त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, एक रात्रसुद्धा नाही.
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळासमोर उभं करावं लागतं.
- आई-वडिलांना आणि परिविक्षा अधिकाऱ्याला कळवावं लागतं.
- बेडी घालता येत नाही. पोलीस साध्या कपड्यांत असावेत. मुलगी असेल तर महिला पोलीस हवी.
- गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, मुलाला सोडणं हा नियम आहे. ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच हरेल, असं वाटण्याला ठोस कारण असेल तरच मंडळ जामीन नाकारू शकतं, आणि ते कारण लिहावं लागतं.
- जामीन मिळाला पण त्याच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळासमोर आणावं लागतं. गरीब बापाकडे पैसे नाहीत म्हणून मूल आत राहू नये, यासाठी ही तरतूद आहे.

म्हणजे मुलाच्या बाजूला वकील, तारीख, जामीन अशा ओळखीच्या पायऱ्या आहेत. पण याचा अर्थ मुलगा सुटला असा नाही. पळून जाण्याच्या केसमध्ये शारीरिक संबंधाचा आरोप आला की पोक्सो लागतो. २०१२ चा हा कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीची संमती मानतच नाही. "ती स्वतःहून आली होती" हे उत्तर तिथे चालत नाही. पोक्सोच्या गंभीर कलमात २०१९ पासून किमान शिक्षा दहा वर्षांची आहे. ज्या गुन्ह्यात किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त, तो बाल न्याय कायद्यात 'निर्घृण अपराध' धरला जातो. मुलगा १६ ते १८ च्या मधला असेल तर मंडळ त्याची प्राथमिक पारख करतं: त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि घटनेची परिस्थिती. त्यानंतर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवता येतो. तसं झालं तरी २१ वर्षांपर्यंत त्याला तुरुंगात नाही, सुरक्षित ठिकाणीच ठेवावं लागतं. फाशी किंवा कधीच न सुटणारी जन्मठेप अल्पवयीनाला देता येत नाही.

गंमत बघा. पोक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. दोघंही १८ खालची असतील तर कायद्याच्या नजरेत दोघंही बालकं. पण तक्रार सहसा मुलीच्या घरून येते, म्हणून आरोपी होतो तो मुलगा. आणि मुलावर अत्याचार झाला तर? तोही पोक्सोखाली पीडितच आहे. पण "पोरालाही असं होतं काय?" म्हणत घरं गप्प बसतात. मुलगा म्हणजे धोका, ही समजूत मुलाचंही नुकसान करते.

आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. जून २०२३ मधलं कोल्हापूर आठवा. मोबाईलवरच्या स्टेटसवरून तणाव झाला, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं असल्याचं तेव्हा बातम्यांत आलं होतं. अशा वेळी मुलगा पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढतो आणि घरच्यांना तो अल्पवयीन आहे हे सांगायचंही सुचत नाही. वयाचा दाखला हातात असणं हा त्याचा पहिला बचाव.

मुलीचं काय होतं?

मुलीची वाट दिसायला सोपी वाटते. ती आरोपी नाही. पोक्सोनुसार तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री तिला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. तिलाही प्रवास सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीसमोर नेलं जातं.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. समितीने ठरवायचं असतं की मुलगी घरी सुरक्षित आहे का. घरी मार बसेल, घाईने लग्न लावलं जाईल किंवा घरचे न्यायलाच तयार नसतील, तर समिती तिला बालगृहात ठेवते. हे चुकीचं नाही. काही मुलींसाठी बालगृह हाच खरा आसरा असतो. ज्या घरात तिच्या जिवाला धोका आहे, तिथे तिला परत पाठवणं हे संरक्षण नव्हे.

पण एक फरक लक्षात घ्या. मंडळासमोर मुलासाठी वकील असतो. समितीसमोर मुलीसाठी सहसा वकील नसतो, कारण तिथे कुणी 'आरोपी'च नाही. मुलगा 'जामीन' मागू शकतो. मुलीने काय मागायचं? तिला जामीन नाही, कारण तिला अटकच झालेली नाही. दार मात्र बंद असतं.

कायद्याने इथेही मुदत घातली आहे. सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत पूर्ण व्हायचा आणि पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यायचा. मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय आणि कुटुंबात परत पाठवणं हे पहिलं उद्दिष्ट, ही या कायद्याची तत्त्वं आहेत. मुलीचं म्हणणं ऐकून घेणं हेही त्यात आहे. पण ही मुदत कुणी विचारायला गेलं तरच आठवते. आणि विचारायला जायचं कुणी? आपणच.

यंत्रणेनेच मुलीला किती दुखावलं, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मान्य केलं. पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात आरोपी दोषी ठरला होता, पण कोर्टाने त्याला पुढे तुरुंगात पाठवलं नाही. कारण त्या मुलीला मूळ घटनेपेक्षा नंतरची पोलीस, कोर्ट आणि घरच्यांनी टाकल्याची फरफट जास्त लागली होती. या निकालाचा अर्थ 'अल्पवयीन मुलीशी संबंध चालतात' असा मुळीच नाही. तो त्या एका प्रकरणापुरता आहे. पण मुलीला 'वाचवताना' तिचं ऐकलंच नाही तर काय होतं, हे त्यात दिसतं.

"निकाह लावून टाकू" हा उपाय नाही

अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांचा पहिला सल्ला असतो, "दोघांचा निकाह लावून टाका, विषय संपला." नीट समजून घ्या, विषय संपत नाही, वाढतो.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ प्रमाणे लग्नाचं वय मुलीचं १८ आणि मुलाचं २१ आहे. व्यक्तिगत कायदा आणि निकाहचं वय यांबद्दल वेगवेगळ्या हायकोर्टांनी वेगवेगळी मतं दिली आहेत. पण केरळ हायकोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलं की मुस्लिम विवाह असला तरी अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोक्सो लागू होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच ठरवलं होतं की पत्नी १८ वर्षांखालची असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कार आहे. मग घाईच्या निकाहने होतं काय? मुलाची केस तशीच राहते. निकाह लावणारे, हजर राहणारे, पुढाकार घेणारे वडीलधारे अडचणीत येतात. आणि समितीला कळलं की या घरात अल्पवयीन मुलीचं लग्न लावत होते, तर मुलीला घरी पाठवण्याची शक्यता आणखी कमी होते.

तक्रार मागे घेऊ, हाही सोपा मार्ग नाही. अल्पवयीन मूल हरवल्याची तक्रार आली की पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आहे. पुढे पोक्सो लागला की दोन घरांची तडजोड झाली म्हणून केस आपोआप मिटत नाही. दोघं वेगळ्या धर्मांची असतील तर गावात ताण येतो, बाहेरची माणसं येतात, आणि मुलीला काय हवंय हा प्रश्न सगळ्यात मागे पडतो. तेव्हा जमावाऐवजी वकील आणि समिती यांच्याकडे जाणं हेच दोन्ही मुलांच्या भल्याचं.

घरच्यांनी काय करावं?

राधानगरीहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. मंडळ आणि समिती जिल्ह्याच्या ठिकाणी. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक फेरा म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला. म्हणून कागद आणि माहिती आधी तयार ठेवा.

वयाचा पुरावा. कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आपल्याकडे शाळेत नाव घालताना अंदाजे '१ जून' लिहिलेली कितीतरी मुलं आहेत. ती एक अंदाजाची तारीख मुलाला 'सज्ञान' ठरवून तुरुंगात पाठवू शकते. जन्मदाखला आजच काढून ठेवा. तारीख चुकली असेल तर वेळेत दुरुस्त करा. मूल अल्पवयीन होतं हा मुद्दा केसमध्ये कधीही मांडता येतो, निकालानंतरही.

मोफत वकील. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा कोल्हापूरचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. हेल्पलाइन १५१००. मुलासाठी तर मागाच, पण मुलीसाठीही मागा. समितीसमोर तिच्या बाजूने बोलणारं कुणीतरी असू द्या.

१०९८. मुलांसाठीची हेल्पलाइन, रात्री-अपरात्रीही चालते. मूल हरवलं, मारहाण होते आहे, लहानपणी लग्न ठरतं आहे, कशासाठीही. मूल स्वतःही फोन करू शकतं.

समितीसमोर स्वतः जा. दोघं आई-वडील जा. रागात नको. "तिला मारणार नाही, लग्न लावणार नाही, शाळा सुरू ठेवू," हे लेखी द्या. ओळखपत्र, रेशनकार्ड, शाळेचा कागद सोबत न्या. आई-वडिलांकडे पाठवणं समितीला धोक्याचं वाटत असेल तर खाला, फूफी किंवा आजीकडे पाठवता येईल का, ते विचारा.

भेटायला जा. मुलगी बालगृहात असताना घरचं कुणीच आलं नाही, तर समितीने काय समजावं? भेटीच्या दिवशी जाणं हा तिच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

अपील. मंडळाचा किंवा समितीचा आदेश पटला नाही तर साधारणपणे ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. हायकोर्टासाठी आता मुंबईला जायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

नाव फोडू नका. केसमधल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव, फोटो, शाळा छापणं किंवा पसरवणं हा गुन्हा आहे. हे वर्तमानपत्रांना लागू आहे तसंच मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही लागू आहे. "फॉरवर्ड आलं म्हणून टाकलं" हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक दिलासा. बाल न्याय मंडळाने मूल दोषी ठरवलं तरी त्यामुळे त्याला पुढे नोकरी-शिक्षणासाठी अपात्र ठरवता येत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. १६ वर्षांवरच्या ज्या मुलाचा खटला मोठ्यांसारखा चालतो त्याला मात्र हा फायदा नाही.

समाज काय करू शकतो?

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, ज्यात भारत १९९२ मध्ये सामील झाला, घर नसलेल्या मुलाच्या सांभाळाचे पर्याय सांगताना इस्लामी 'कफाला'चं नाव घेऊन उल्लेख आहे. मुलाला त्याचं नाव-घराणं तसंच ठेवून आपल्या घरात सांभाळणं, ही आपल्याकडची जुनी रीत जगाने मान्य केली आहे. त्याच करारात मुलाचा धर्म, भाषा, संस्कृती यांचं सातत्य बघावं असंही म्हटलंय.

आपल्या कायद्यातही 'योग्य व्यक्ती' नावाची तरतूद आहे. चारित्र्य आणि घर तपासून मंडळ किंवा समिती एखाद्या व्यक्तीला मान्यता देते आणि तिच्याकडे मूल तात्पुरतं सोपवते. कोल्हापूर जिल्ह्यात आपल्या समाजात निवृत्त शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, वकील भगिनी आहेत. त्यांतल्या चार-पाच घरांनी जरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाऊन चौकशी केली, तरी एखाद्या मुलीला बालगृहाऐवजी घर मिळू शकतं. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली आणि बोर्डिंगही झालं. दुसऱ्याचं लेकरू आपलं मानायची शिकवण या जिल्ह्याला नवी नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर पाच मिनिटं १०९८ आणि १५१०० हे दोन नंबर सांगायला काय हरकत आहे? मदरशाच्या आणि मस्जिदच्या फलकावर ते लिहायला काय हरकत आहे? आणि हे फक्त पुरुषांना सांगून भागणार नाही. घरात मुलगी पहिल्यांदा बोलते ती अम्मीशी. अम्मीलाच माहीत नसेल तर ती गप्प बसायला सांगते.

शेवटी पुन्हा त्या दोन मुलांकडे येऊ. चूक झाली असेल तर दोघांची झाली. मुलगा परत आला की आपण म्हणतो, "जवानीत होतं, आता सुधार." मुलगी परत आली की तिची शाळा बंद, मोबाईल बंद, बाहेर जाणं बंद, आणि मिळेल त्या स्थळाशी लग्न. म्हणजे बालगृहातून सुटली तरी ती सुटत नाही. कायद्यातला मुलगा-मुलगी हा फरक शंभर वर्षांत हळूहळू कमी झाला. घरातला फरक कमी करायला कुठल्या कायद्याची वाट बघायची?

ज्या आई-वडिलांची लेक आज बालगृहात आहे, त्यांना एवढंच सांगायचंय: तिच्यावर कुठलाही गुन्हा नाही. ती तुमची वाट बघते आहे. पुढच्या भेटीच्या दिवशी एसटीत बसा, सोबत तिची पुस्तकं न्या, आणि समितीला विचारा, "आमची मुलगी घरी कधी येणार? त्यासाठी आम्ही काय करायचं?" हे विचारणं तुमचा हक्क आहे, आणि उत्तर देणं हे त्यांचं काम आहे.